तानिएलूला घरी नेताना

सामोआतल्या सावाई बेटावर घड्याळाचं राज्य कधीच नव्हतं. आहे ते बोटीचं. चारची बोट चुकली की माणूस दुसऱ्या सकाळपर्यंत बेटावरच. पर्यटकांना गाडीतून बेट दाखवायचा धंदा मी अकरा वर्षं करतो आहे आणि या अकरा वर्षांत माझ्या गाडीतल्या एकाही माणसाची चारची बोट चुकलेली नाही. आमच्या धक्क्यावर लोक म्हणतात, रोपाटीची गाडी आली म्हणजे साडेतीन वाजले. याचा मला अभिमान होता. जे झालं ते त्या अभिमानापायीच झालं, म्हणून हे आधी सांगून टाकतो.

त्या सोमवारी सकाळच्या बोटीतून चौघं उतरली. ऑस्ट्रेलियातलं एक जोडपं, एकटाच फिरणारा एक उंच जर्मन आणि सुलामी. ती आमचीच, सामोअन. सत्तरीची, पाय सुजलेले, केसांचा घट्ट अंबाडा, छातीशी धरलेली एक चपटी पिशवी. आपलं माणूस आपलंच बेट बघायला सहलीच्या गाडीत कधी बसत नाही. मी थट्टा केली, "मावशी, ज्वालामुखी बघायला एवढ्या लांब आलात? घरी चूल पेटत नाही का?"

"चूल पेटते रे पोरा, पाय चालत नाहीत," ती म्हणाली. "तुझी गाडी तांगाला जाते ना? मला तेवढंच हवंय. मधे दाखवशील ते बघेन मी मुकाट्याने."

पहिला मुक्काम नेहमीचाच, सालेआउला. मैलोन् मैल काळा दगड, जागच्या जागी गोठलेल्या लाटांसारखा. मी माझं नेहमीचं भाषण लावलं. १९०५ साली मातावानू ज्वालामुखी फुटला तो सहा वर्षं वाहत होता. इथलं चर्च बघा, लाव्हा दारातून आत शिरला. हे थडगं मात्र बघा, याला त्याने वळसा घातला. भोवती पुरुषभर दगड, मधे थडगं जसंच्या तसं. पर्यटक इथे गप्प होतात, मग फोटो काढतात. मी त्यांना सांगतो की जमिनीचा उतार आणि लाव्हाचा दाटपणा यांचा हा हिशेब आहे. माझा तेव्हा हिशेबावर विश्वास होता.

सुलामी त्या खड्ड्याच्या काठावर उभी राहून खाली बघत होती.

"याला थडगं होतं म्हणून वळसा घातला," ती म्हणाली. "ज्यांना थडगंच नव्हतं त्यांचं काय झालं?"

"ती माणसं आधीच पळाली होती, मावशी."

"सगळी?"

मी हसून वेळ मारून नेली.

दुपारी पालाऊलीच्या धबधब्यावर बाकीचे पोहायला उतरले आणि आम्ही दोघं झाडाखाली तारोचे उकडलेले कंद आणि नारळाच्या दुधात शिजवलेल्या पानांची पालूसामी खात बसलो. तेव्हा तिने सांगितलं. तानिएलू तिचा धाकटा भाऊ. एक्केचाळीस वर्षांपूर्वी तांगाच्या खडकांवर शिंपले काढायला गेला आणि लाटेने नेला. एकोणीस वर्षांचा होता. प्रेत मिळालं नाही. सुलामी तेव्हा ऑकलंडच्या एका हॉस्पिटलात फरश्या पुसत होती. चर्चमधल्या वडीलधाऱ्यांत तिच्या बापाचा शब्द चालायचा. तो म्हणाला, जुने प्रकार माझ्या घरात नकोत. म्हणून कापड पसरायला कोणी आलंच नाही.

ही रीत आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, कोणी बोलत नाही एवढंच. माणूस परमुलखात किंवा पाण्यात गेला, देह हाती आला नाही, की घरच्यांनी त्या जागी जायचं. झाडाच्या सालीचं कापड पसरायचं, नावाने हाक मारायची आणि बसायचं. मुंगी, खेकडा, सरडा, जो जीव आपणहून पहिल्यांदा कापडावर येईल तो आपला माणूस. त्याला गुंडाळून घरी न्यायचं आणि दारापुढच्या थडग्यांत, आपल्या माणसांत पुरायचं.

"आईने मरताना स्वतःच्या आणि बाबांच्या मधे त्याच्यापुरती जागा सोडायला लावली," सुलामी म्हणाली. "बुधवारी रात्री माझं विमान आहे. पुढच्या आठवड्यात हृदयाचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणतो, निम्मी आशा धरा. त्याला घरी आणल्याशिवाय मी त्या टेबलावर आडवी व्हायची नाही, रोपाटी. वर आईने विचारलं तर काय तोंड दाखवू?"

मला तिची दया आली. माझा त्या रीतीवर विश्वास नव्हता, मुंगी म्हणजे मुंगी असं मी धरून चालतो. पण ही बाई रिकाम्या हाताने परत जाऊ नये असं मला मनापासून वाटलं.

तांगाला पोचलो तेव्हा दीड वाजला होता. तिथे किनाऱ्याचा खडक खालून पोखरलेला आहे. समुद्र आत घुसतो आणि वरच्या भोकांतून पाण्याचे खांब माडाहून उंच उडतात. फातूकाका नावाचा म्हातारा तिथे जन्मभर नारळ टाकत आला आहे. लाट येताना तो नारळ भोकात टाकतो, तो आभाळात जातो, लोक ओरडतात. जोडपं ओरडलं. जर्मनही हसला.

सुलामी मला धरून बाजूच्या सपाट खडकावर आली. पिशवीतून कापड काढलं, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि शेजारी मांडी घालून बसली. आवाज न चढवता, जेवायला बोलवावं तसं म्हणाली, "तानिएलू, चल बाबा. घरी जाऊ."

त्या खडकांवर काळे खेकडे पैशाला पासरी. डबा उघडला की झाकणावर चढतात. त्या दिवशीही शेकड्यांनी होते. ते कापडाच्या वीतभर अंतरापर्यंत यायचे, थांबायचे आणि बाजूने निघून जायचे. एक मुंग्यांची रांग आली. कापडाच्या काठाशी पोचली, काठाकाठाने चालत कोपऱ्यापर्यंत गेली, वळली, पुढच्या काठाने गेली. मी ती रांग पूर्ण फेरा घालेपर्यंत बघितली. तुषार सारखे उडत होते, माझा शर्ट ओला झाला, तिचे केस ओले झाले. कापड मात्र कोरडं होतं. मी हात लावून पाहिलं.

वाऱ्याची दिशा असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

अडीच वाजले. पावणेतीन झाले. जोडपं गाडीत जाऊन बसलं, जर्मनाने मनगट वर करून घड्याळ दाखवलं. फातूकाका नारळांचं पोतं आवरून माझ्याजवळ आला.

"त्याला वेळ लागणार," तो हळूच म्हणाला. "एक्केचाळीस वर्षं कोणी बोलावलं नाही, लांब गेला असेल. तिला राहू दे. आमच्याकडे निजेल, सकाळच्या बोटीने जाईल. तू बाकीच्यांना घेऊन सुट."

हे अगदी सरळ होतं. विमान बुधवारी, सकाळची बोट मंगळवारी. पण मी म्हणालो, तिची औषधं पलीकडच्या उपोलू बेटावर, घरी राहिलीत, पाय सुजलेत, उगाच जोखीम नको. खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं की साडेतीनला धक्क्यावर माझ्या गाडीतून चौघांऐवजी तिघं उतरली असती.

सुलामीने डोळे मिटले होते. ती प्रार्थना म्हणत होती आणि तिचा श्वास मधेच तुटत होता. मी एका जुन्या भोकाशी वाकलो. हे भोक कधीचं बुजलं आहे, त्यातून पाणी उडत नाही. आतल्या कपारीत एक खेकडा बसला होता. मी हात घातला तर पळाला नाही. नांगीही उगारली नाही. खडक उन्हाने भाजत होता आणि तो खेकडा मात्र विहिरीच्या तळासारखा गार होता.

मी त्याला कापडाच्या मधोमध ठेवला. तो हलला नाही.

सुलामीने डोळे उघडले. कितीतरी वेळ ती नुसती बघत राहिली. मग तिचा चेहरा असा उजळला की मी मान फिरवली.

"आलास," ती म्हणाली. "आलास रे बाबा."

तिने कापडाची घडी घातली, चारी टोकं बांधली आणि गाठोडं कुशीत घेतलं. मला लाज वाटत होती, पण पाप केल्यासारखं नाही. म्हाताऱ्या बाईला खोटा धीर देताना वाटते तेवढीच.

फातूकाकाने मला गाडीच्या मागे गाठलं. "चालत आला, की आणून ठेवलास?"

मी गाडीचं मागचं दार लावलं.

"कुठून उचललास?"

"बुजलेल्या भोकातून."

त्याने खडकांकडे वळून पाहिलं. मग म्हणाला, "या खडकांवरून काय तिचा एकटीचाच भाऊ गेलाय?" आणि पोतं खांद्यावर टाकून चालू लागला. एरवी तो गाडी वळेपर्यंत हात हलवत उभा राहतो.

सुलामी पुढच्या सीटवर, माझ्या शेजारी बसली. गाठोडं मांडीवर. वाटेभर ती त्याच्याशी बोलत होती. ते बघ नवं चर्च, ती बघ शाळा, आपल्या घराला आता पत्रा आहे. आतून बारीक खरखर ऐकू येत होती. खेकडा आहे, खरखरणारच.

मग तिने गाठोडं कानाशी धरलं.

"तो विचारतोय, घरी माणसं किती," ती म्हणाली.

"कोण विचारतंय, मावशी?"

"तानिएलू. मी नावं सांगितली. तो पुन्हा पुन्हा विचारतोय. मुलं किती, कुठे निजतात." तिने गाठोडं थोपटलं. "विसरला असेल बिचारा."

मी आरशात पाहिलं. मागचे तिघे खिडकीबाहेर बघत होते. जोडप्याने एकमेकांचा हात धरला होता.

"जड झालाय गं बाई," सुलामी स्वतःशीच म्हणाली.

तिच्या मांडीखालून पाणी ठिबकत होतं. कोरड्या कापडातून. पायाशी रबराच्या चटईवर त्याचं थारोळं झालं होतं आणि गाडी वळली तरी ते वाहत नव्हतं.

साडेतीनला आम्ही सालेलोलोंगाच्या धक्क्यावर पोचलो. तिथली कुत्री भर उन्हात रस्त्यावर पसरलेली असतात, भोंगा वाजवला तरी हलत नाहीत. सुलामी उतरली आणि ती एकेक करून उठली. भुंकली नाहीत. दुकानांच्या मागे निघून गेली.

तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. "माझा भाऊ असता तर त्याने केलं असतं तेवढं तू केलंस." आमच्याकडे बहिणीसाठी भावाने जीव टाकायचा असतो, याहून मोठी शाबासकी नाही. मला तेव्हाच सांगायला हवं होतं. बोटीचा भोंगा झाला आणि मी तिची पिशवी उचलून चढवायला गेलो.

बुधवारी दुपारी मी ती पुढची सीट काढून अंगणात उन्हाला ठेवत होतो. दोन दिवस झाले, ती वाळत नव्हती. फोन वाजला.

"रोपाटी, मी सुलामी." आवाज शांत होता, जरा दमलेला. "काल सकाळी पुरलं त्याला. आईच्या आणि बाबांच्या मधे. सगळी आली होती. रात्री तो घरात आला, माझ्या खाटेशी बसला. दिसत नाही, पण कळतं. अंगावर गारवा येतो."

"मावशी, विमान आज रात्रीच आहे ना?"

"हो. म्हणूनच विचारायला फोन केला. आज पहाटे कोणीतरी अंगणात आलंय. नखशिखांत भिजलेला. तानिएलूच आहे रे. एकोणीस वर्षांचाच. तोच शर्ट."

मी सीट खाली ठेवली.

"मी म्हटलं, आत ये. तर उंबऱ्याशी उभा आहे, येत नाही. म्हणतो, घरात कोणीतरी आहे, ताई. मी म्हटलं, तूच आहेस. तर म्हणतो, मी नाही. म्हणतो, तुझी हाक ऐकली तेव्हा मी लांब होतो. निघालोच होतो. तुम्ही थांबला नाहीत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माझी छाती सकाळपासून धडधडतेय. कोणाचं खरं धरू कळत नाही. तू शेजारी होतास, तू पाहिलंस. म्हणून एकच विचारते, मग मी शांतपणे निघेन. कापडावर तो आपणहून आला ना?"

निम्मी आशा, असं डॉक्टर म्हणाला होता. तिचा श्वास मला फोनमधून ऐकू येत होता. आता या घडीला हिला खरं सांगितलं तर ही इथेच कोसळेल, असं मला वाटलं.

"हो, मावशी," मी म्हणालो. "आपणहून आला."

तिने सुस्कारा सोडला.

"बरं झालं विचारलं," ती म्हणाली. "मग दार लावून घेते. घरातला सकाळपासून तेच सांगतोय, लावून घे म्हणून."