मिडियम वेव्हवरचा दुसरा आवाज

दिवा हवा तर बारीक करा, पण मध्येच उठू नका. हे आमच्या इकडच्या, हॉलंडातल्या ड्रेन्टमधल्या यानेसच्या बाबतीत घडलं. कालव्यापलीकडे राहतो, माझ्या चांगल्या ओळखीचा.

गेल्या नोव्हेंबरची चौदा तारीख, गुरुवार. रात्री नऊला यानेस रेकॉर्डची खोकी आणायला निघाला. त्याचा दोस्त रूलोफ सप्टेंबरात वारला होता. रूलोफची बायको हिल्चे हिनं फोनवर एवढंच सांगितलं, की खोक्यांवर त्यानं तुझं नाव लिहून ठेवलंय, घेऊन जा. माझंच नाव का? यानेसच्या मनात पाल चुकचुकली.

लहानपणी दोघं पांघरुणात रेडिओ घेऊन समुद्रातल्या जहाजावरचं चोरटं स्टेशन ऐकायचे. गाण्याचं वेड तिथलंच. सतराव्या वर्षी त्यांनी रूलोफच्या गोठ्यात स्वतःचंच चोरटं स्टेशन काढलं. यंत्र यानेसनं जुळवलं, बोलायचा रूलोफ. रविवारी सकाळी अख्खं गाव कॉफी घेऊन कान लावून बसे. पत्रं मात्र सगळी रूलोफच्या नावानं येत.

एक दिवस सरकारी माणसं आली, ती थेट यंत्र लपवलेल्या गंजीपाशीच. कुणीतरी चुगली केली होती. संशय गेला हिल्चेच्या भावावर, वॉल्टरवर. यानेसनंही मान डोलावली. वॉल्टर गाव सोडून कॅनडाला गेला, तिथंच मेला. हिल्चेनं त्याच्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही.

तर, यानेसनं पूल ओलांडला आणि जुन्या गाडीतला रेडिओ खरखरला. मिडियम वेव्हवर हल्ली काही लागत नाही. पण आवाज आला. रूलोफचा.

गावातली कार्टी जुनी टेप लावून टवाळी करताहेत, यानेसला वाटलं. रूलोफ फर्माइशी वाचत होता. बेकरीवाला हार्म. गेलेला. शाळेतल्या त्रेइन्त्ये बाई. त्याही गेलेल्या.

"आणि आता, कॅनडातल्या वॉल्टरसाठी..."

स्टेशन बंद पडलं तेव्हा वॉल्टर गावातच होता. मग टेपवर कॅनडा कुठून?

"फर्माईश करणारा आत्ताच पूल ओलांडून आलाय."

यानेसनं बटण बंद केलं. रेडिओचा दिवा विझला. खरखर चालूच...

गाणं लागेना. कुणी बोलेना. नुसतं... थांबलेलं.

त्यानं गाडी थांबवली.

"मीच सांगितलं," तो म्हणाला. हळूच. गाडीत दुसरं कुणी नव्हतं.

मग रेडिओवर अकॉर्डियन वाजलं, गाणं लागलं.

त्या रात्री त्यानं खोकी घेतली, पण हिल्चेसमोर अवाक्षर काढलं नाही.

नवव्या दिवशी ती त्याच्या दारात. कोट न काढता तिनं टेबलावर तिच्या घरी पोस्टानं आलेलं एक कार्ड ठेवलं. फिनलंडच्या कुणा रेडिओवेड्याचं, इंग्रजीत. तिच्या नातीनं तिला ते समजावून सांगितलं होतं. त्यात लिहिलं होतं: चौदा नोव्हेंबरला, तुमच्याकडचे नऊ वाजून बारा मिनिटं झाली असताना, तुमचं स्टेशन इथं स्वच्छ ऐकू आलं. निवेदकानं सांगितला तोच पत्ता घातलाय. गाण्याआधी दुसरा एक माणूस हळूच काही बोलला. तुमची भाषा येत नाही, कानाला लागलं तसं लिहिलंय.

खाली वेड्यावाकड्या स्पेलिंगात दोन शब्द. हिल्चेनं ते मोठ्यानं वाचले.

"यानेस, हा दुसरा आवाज कुणाचा?"



तिनं उत्तराची फार वाट पाहिली नाही. कॅनडातल्या वहिनीचा नंबर शोधायला हवा, म्हणाली, आणि गेली.

कार्ड तिथंच राहिलं. मी ते हातात घेऊन पाहिलंय. शिक्का फिनलंडचाच आहे.