डबलसीट

उद्या त्या खिंडीच्या वाटेनं सायकली काढणार म्हणता, म्हणून सांगतो. नाहीतर हे मी फारसं कुणाजवळ काढत नाही. आणि ऐकीव नाही बरं का. ज्याच्यावर गुदरलं तो औषधवाला माझ्याच दुकानात सायकल नीट करायला यायचा. चार वाक्यं बोलायची तर दोन गिळायचा, असा माणूस. त्याला थापा मारणं जमलंच नसतं.

नोव्हेंबरची तेवीस तारीख, रविवार. अमावस्या होऊन तीन दिवस झाले होते. संध्याकाळी साडेपाचला त्याच्या दुकानातला फोन वाजला. पलीकडच्या वस्तीवरून धाकटी बहीण बोलत होती.

"दादा, छोटीचा दमा उसळलाय. वाफेचं औषध संपलं."

"अगदीच संपलं?"

"आत्ता दिलं ते शेवटचं."

मोटारीचा रस्ता दरड कोसळून दोन दिवस बंद होता. उरली ती विझलेल्या ज्वालामुखीच्या पठारावरून जाणारी खडीची वाट, अठरा किलोमीटर. औषधवाल्याला ती तोंडपाठ. दर रविवारी सकाळी तो तिथंच सापडायचा, त्या जाड टायरच्या, वळलेल्या हँडलच्या सायकलवर. बायको म्हणायची, माझ्या सवतीला दोन चाकं आहेत. त्यानं औषध पाठीवरच्या छोट्या पिशवीत टाकलं, सायकलचा दिवा लावला आणि निघाला.

चढ नेहमीसारखाच गेला. दोन्हीकडे काळा, भोकाभोकांचा दगड. टायरखाली करकरणारी खडी. वारा अजिबात नाही. सात वाजून दहा मिनिटांनी तो खिंडीत पोचला आणि घोटभर पाणी प्यायला थांबला. बारीकशी चंद्रकोर मावळायला टेकली होती.

वाटेच्या कडेला, दगडावर, कुणीतरी पाठमोरं बसलं होतं.

"खाली चाललात?"

"हो."

"मलाही यायचंय."

दमलेला माणूस थट्टेनं बोलतो, तसा तो बोलून गेला, "या सायकलला कॅरियर नाही हो. जागा दिसत असेल तर बसा." स्वतःशीच हसला आणि पायडलवर जोर दिला.

तिथं चुकलं.

खिंड ओलांडली की सरळ उतार आहे. ब्रेक दाबून दाबून हात भरून येतात, असा. त्या उतारावर त्याला पायडल मारावं लागलं. वाटलं, ब्रेक चिकटला. उतरला, मागचं चाक उचलून फिरवलं. भिंगरीसारखं फिरलं. टायर दाबून पाहिला. टणक. पुन्हा सीटवर बसला... आणि मागचा टायर खडीत रुतला. पुढचं चाक हलकं झालं. हँडल हातात तरंगायला लागलं. डबलसीट नेताना होतं ना, अगदी तसं.

हसू नका. मीही हसलो होतो.

मागं वळून बघायचं त्याचं धाडस झालं नाही. किलोमीटरभर तसाच रेटत राहिला. शेवटी समोर बघतच त्यानं विचारलं,

"कुठं... उतरायचंय?"

अगदी कानाशी आवाज आला. आवाज होता, पण त्याला श्वास नव्हता.

"तुझ्या बहिणीकडे. छोटी आहे ना, तिथंच."

खिंडीत तो बहिणीबद्दल चकार शब्द बोलला नव्हता.

आता बघा. थांबावं, तर तिकडे पोरीचा जीव कासावीस. जावं, तर हे बरोबर न्यायचं. इकडे आड तिकडे विहीर. फोनला रेंज नाही. अर्धा तास तो पायडल मारत होता आणि डोक्यात एकच... याला दारापर्यंत न्यायचं नाही.

वस्ती दिसली. बहिणीचं घर वरच्या वळणापासून दोनशे पावलांवर. वळणावर तो थांबला, पण उतरला नाही. आपण उतरलो की तेही उतरणार, एवढं त्याला उमगलं होतं. एक पाय कडेच्या दगडाला टेकवून सीटवरच बसून राहिला, दिव्याची उघडझाप केली आणि मेहुण्याला हाका मारल्या.

मेहुणा बॅटरी घेऊन धावत वर आला.

"दादा, इथंच का थांबलात?"

"हे घे. पळ. आधी तिला वाफ दे."

"आणि तुम्ही?"

"मी परत जातो."

"आत्ता? अंधारात?" मेहुण्यानं पिशवी घेतली. बॅटरीचा झोत औषधवाल्याच्या खांद्यावरून मागं गेला, क्षणभर तिथं राहिला. मेहुणा साधा माणूस, त्यात घाईत. "थंडी किती पडलीय. दोघंही चला की घरात."

दोघंही.

औषधवाल्याला नको म्हणायचं होतं. तोंड उघडेतोवर मेहुणा उताराला लागला होता.

त्यानं सायकल वळवली. हे जिथून आलं तिथं नेऊन सोडायचं, एवढंच ठरवलं. चढाला लागला. दहा पायडल. वीस. दम लागेना. चढावर सायकल पिसासारखी चालली होती. पुढचं चाक जमीन धरून होतं.

तो थांबला.

पहिल्यांदाच मागं पाहिलं.

कुणी नव्हतं.

तिथून तो जो सुटला तो थेट बहिणीच्या दारात. आत बहीण पोरीच्या तोंडावर मास्क धरून बसली होती. पोरीची छाती भात्यासारखी हलत होती. हळूहळू ती निवली. साडेनऊला पोर झोपली. बहीण थोडी रडली, मग चहा टाकायला उठली. औषधवाला पोरीच्या उशाशी बसला होता. मेहुण्यानं हळूच विचारलं,

"तुमचे ते सोबती कुठं राहिले?"

"कोण?"

"मागं बसले होते ते."

"...गेले."

रात्रभर तो तिथून हलला नाही. आणि रात्रभर काही झालंही नाही. भांडंसुद्धा वाजलं नाही. पहाटे मेहुणा पाणी आणायला बाहेर पडला. उजाडल्यावर औषधवाला दारात येऊन उभा राहिला.

घर ते वळण, मध्ये सगळी ज्वालामुखीची जुनी राख. रात्री दवानं ओली झाली की ठसा जसाच्या तसा धरते. मेहुण्याच्या बुटांचे ठसे स्वच्छ दिसत होते. वर धावत गेलेले... उथळ. पावशेराची पिशवी घेऊन खाली आलेले, तेच बूट, तीच नक्षी... घोटाभर खोल. पार उंबऱ्यापर्यंत.

आणि पहाटे घरातून बाहेर पडलेले... पुन्हा उथळ.