दाढदुखीची केस

आमच्या ऑफिसची आणि शेजारच्या दातांच्या डॉक्टरांची भिंत एकच होती. भिंत कसली, प्लायवूडचा पडदाच म्हणा! पलीकडे ड्रिल सुरू झालं की इकडे माझे अशील खुर्चीचा हात घट्ट धरायचे, आणि मी बोलायला लागले की तिकडचे पेशंट तोंड उघडायचं विसरायचे. माझा आवाज आहेच तसा. आई म्हणायची, "हिला फोन कशाला हवा? खिडकी उघडली की झालं!"

तेव्हा मी नवीकोरी वकील होते. अपंग माणसाला नोकरीत, शाळेत, दुकानात कुणी वेगळं वागवलं, तर त्याचा हक्क काय आणि समोरच्याची जबाबदारी काय, हे सांगायचं आमचं सल्ला केंद्र. दोन खोल्या, एक कुरकुरणारा पंखा आणि आमच्या थोरल्या बाई. त्या ज्येष्ठ वकील. त्यांनी चष्मा नाकावर खाली घेतला की आमची बोलतीच बंद.

त्या दुपारी मी एका काकूंना समजावत होते, "तुमच्या भल्यासाठी म्हणून काम काढून घेतलं ना? तुम्हाला न विचारता? मग तो भेदभावच झाला, काकू. भलं करणाऱ्यानंसुद्धा आधी विचारायला हवं!"

काकू गेल्या, आणि दारात एक उंच माणूस उभा. एक गाल टम्म सुजलेला, गळ्यात डॉक्टरांचा कागदी रुमाल तसाच. चौकट चाचपत तो आत आला, हातानं खुर्ची शोधून बसला. बोलायला गेला तर... अर्धं तोंड बधिर!

"डॉक्टर शेजारी आहेत हो," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. माझ्याकडे बोट दाखवलं, मग भिंतीकडे, मग स्वतःच्या कानाकडे. आणि हसला — अर्ध्याच तोंडानं. इतकं गोड हसू मी पूर्ण तोंडाचंसुद्धा पाहिलं नव्हतं. अगं बाई, म्हटलं, हे काय होतंय मला?

"उद्या या," मी कशीबशी म्हणाले. "तोंड जागेवर आलं की."

तो गेल्यावर थोरल्या बाईंनी चष्मा खाली घेतला. "कोण होतं?"

"दाढ," मी म्हणाले. त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात त्याचं तेच नाव पडलं.

दुसऱ्या दिवशी दाढ आली. आवाज खोल, मऊ, सावकाश. तो रेडिओ केंद्रात रेकॉर्डिस्ट होता. श्रुतिका बसवायचा, त्यातले पावसाचे, पावलांचे, दारांचे आवाज करायचा. डोळ्यांचा विकार मात्र वाढत चालला होता.

"मला समोरचं दिसतं," तो म्हणाला, "पण दाराच्या भोकातून बघावं तेवढंच. आणि ते भोक हळूहळू बारीक होतंय. एकदा स्टुडिओत माइकच्या स्टँडला अडखळलो. साहेब म्हणाले, वायरींच्या जंजाळात तुम्ही नकोच, लागेल तुम्हाला. टेपांच्या खोलीत बसवलं. काम काय, तर टेपांवरच्या बारीक चिठ्ठ्या वाचायच्या!"

"तुम्हाला? वाचायचं काम?"

"काळजीपोटी हो."

मला हसू आवरेना, आणि रागही. मग मी माझं काम सुरू केलं. सांगितलं, की थोडे बदल करून तुम्हाला मूळचं काम जमत असेल, तर ते बदल करणं साहेबांचं कर्तव्य आहे. झेपण्यापलीकडे असतील तरच त्यांना नाही म्हणता येईल. "पण जबाबदारी तुमचीही आहे. दिसत नाही हे लपवून ठेवलं होतंत ना? तुम्ही सांगितलंच नाहीत तर त्यांना स्वप्न पडणारेय का?"

"तुम्ही सगळ्याच अशिलांना असं रागावता?"

"फक्त लपवाछपवी करणाऱ्यांना."

"मग मी आणखी काहीतरी लपवतो," तो म्हणाला, आणि माझी फाईल हातातून पडली. कप्पाळ माझं!

थोरल्या बाईंचा नियम कडक होता: फाईल उघडी आहे तोवर अशील म्हणजे अशील. चहासुद्धा ऑफिसातलाच, आणि दार उघडं ठेवून. आम्ही नियम पाळला. पण दार उघडं ठेवून हसायला काही कायद्यानं बंदी नव्हती.

काय बदल लागतील ते बघायला मी एकदा त्याच्या स्टुडिओत गेले. तिथं वेगळीच शांतता होती — जाड, कापसासारखी. साहेबांची परवानगी होती, म्हणून तो त्याच्या जुन्या टेबलाशी बसला होता.

"डोळे मिटा, वकीलबाई."

"का?"

"विश्वास नाही?"

मिटले. आणि पाऊस आला! आधी तुरळक... मग पानांवर... मग धो धो. मी खरंच अंग चोरलं. डोळे उघडले तर हा एका पत्र्याच्या ताटात सुके वाटाणे घोळवतोय.

"हात्तिच्या! वाटाणे?"

"भिजलात ना पण?" त्यानं मान वळवली. एका वेळी माझ्या चेहऱ्याचा एवढासाच तुकडा त्याला दिसायचा, म्हणून नजर थांबत थांबत फिरायची. कपाळ. डावा डोळा. मग... ओठांशी आली आणि तिथंच अडकली.

"बदल लिहून घ्यायचेत," मी म्हणाले. माझा आवाज चक्क बारीक झाला होता.

साहेबांबरोबर बैठक झाली. माणूस वाईट नव्हता. "आम्हाला त्यांची काळजी आहे हो," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

"मग त्यांना एकदा विचारून बघा ना," मी म्हटलं.

साहेब त्याच्याकडे वळले, आणि दाढेनं पहिल्यांदाच तोंड उघडून सांगितलं, वायरी भिंतीलगत घ्या, बटणांना हाताला लागतील असे ठिपके चिकटवा, पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी लावा. साहेब बघतच राहिले. "एवढंच?" पुढच्याच आठवड्यात त्याला त्याचं टेबल परत मिळालं. थोरल्या बाईंनी फाईल बंद केली, माझ्याकडे पाहिलं आणि ती कपाटात ठेवून दिली.

आता तो येईल, असं मला वाटलं.

तो आलाच नाही. दार वाजलं की मी उगाच केस सारखे करायचे. फोन नाही, निरोप नाही. आणि एक दिवस शेजारचे डॉक्टर कुरकुरत आले, "तुमचा तो रेडिओवाला! दुसरी दाढ भरायची राहिलीय. तर म्हणे, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला कुणा डॉक्टरकडे जातोय. माझं काय चुकलं?"

डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. तो माझी भिंत टाळत होता! मी पर्स उचलली आणि तडक रेडिओ केंद्र गाठलं.

तो एकटाच वायरी गुंडाळत होता. पावलांवरूनच त्यानं मला ओळखलं.

"वकीलबाई..."

"दाढ कशी आहे?"

त्यानं वायरीचा आणखी एक वेढा घेतला. मग हळूच म्हणाला, "चार-पाच वर्षांत मला काहीच दिसणार नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. तुमच्यासमोर सगळं आयुष्य पडलंय. मी म्हटलं, तुम्हाला यात ओढायचं नाही. तुमच्या भल्यासाठीच—"

"भल्यासाठी?" माझा असा काही भडका उडाला! "कुणी ठरवलं? तू? मला विचारलंस? साहेबांनी न विचारता ठरवलं तेव्हा माझ्याकडे धावत आलास, आणि आता माझं तू परस्पर ठरवून मोकळा! मी रोज दाराकडे बघत बसते, कळतंय का तुला?"

त्याच्या हातातली वायर खाली पडली.

"चुकलो," तो म्हणाला. "मग विचारतो... मला तू आवडतेस. फार. पुढं मला तू दिसणार नाहीस. चालेल तुला?"

खोटं बोलायला मला जमलं असतं. पण त्याला खोटं ऐकू आलं असतं.

"नाही चालणार," मी म्हणाले. "वाईट वाटेल मला. भीती वाटतेय आत्तासुद्धा. तेव्हा रडेनही, आणि मला रडताना मुळीच आवाज कमी ठेवता येत नाही. पण तुझ्याशिवाय राहायचं म्हणशील, तर ते तर अजिबातच चालणार नाही."

तो हसला. या वेळी पूर्ण तोंडानं. मग त्यानं खुर्ची ओढली, मला दिव्याखाली बसवलं आणि समोर बसला, अगदी जवळ. नजर कपाळावर आली, थांबली. भुवईवर आली. डावा डोळा, मग उजवा. गालावरचा तीळ. कसली घाई नाही. बाहेर कुणीतरी दार वाजवून निघून गेलं, तरी तो हलला नाही.

"काय करतोयस?" मी लाजून विचारलं.

"बोलू नकोस ना," तो म्हणाला, "हलतेस मग. पाठ करतोय."

मी डोळे पुसायलाही हात वर केला नाही. तशीच बसून राहिले, त्याचं पूर्ण पाठ होईपर्यंत.