थांबवण्याचं काम

शहाद्याच्या बसस्थानकावर रुपाला स्वतःचाच चेहरा दिसला, तेव्हा तो दाराएवढा मोठा होता आणि एक अनोळखी तरुण शिडीवर चढून त्याच्या कपाळावरच्या सुरकुत्या तळहाताने सपाट करत होता.

तोरणमाळची गाडी फलाटाला लागलेली. गाडीतली निम्मी माणसं तिच्या ओळखीची, आणि सगळी खिडकीतून माना बाहेर काढून बघत होती. पोस्टरवर केळीचा हिरवा घड, शेजारी डोक्याला जाळी लावलेली रुपा, आणि खाली मोठ्या अक्षरात ‘इथं या. इथंच राहाल.’

“ओ भाऊ,” ती खालून म्हणाली, “ते तोंड मन्हं शे.”

त्याने एकदा पोस्टरकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. शिडी जराशी हलली.

“शे खरं,” तो म्हणाला. “पण तठे हसी ऱ्हायनी.”

“माले कोणी विचारं व्हतं?”

तो पोस्टरकडे वळला. वरच्या कोपऱ्यात नख घातलं, ओला कागद सावकाश सोलून काढला, खाली उतरला आणि गुंडाळी तिच्या हातात दिली.

“कोणीच विचारं नही. मन्ही चूक व्हयनी.”

रुपा भांडायला पदर खोचून तयार होती. आता त्या भांडणाचं करायचं काय, तेच तिला कळेना. गाडीत बसल्यावर तिने मागे वळून पाहिलं, तर तो रिकाम्या भिंतीसमोर शिडी धरून उभा होता आणि गाडीकडेच बघत होता. तिने झटकन मान फिरवली. उशीर झाला होता, त्याने पाहिलं होतं.

त्याचं नाव नवनीत. शहाद्याचाच, पण पुण्यात जाहिरातीच्या कंपनीत राहून आलेला. राजेंद्रभाऊंनी त्याला आपल्या केळी पॅकहाउससाठी बोलावून घेतलं होतं, रुपाचा तो फोटोही त्यांनीच दिला होता. राजेंद्रभाऊंचं दुखणं जुनं होतं. डोंगरातल्या मुली यायच्या, फण्या कापायला, चीक धुवायला, खोकी भरायला शिकायच्या, हात बसला की दिवाळीनंतर एक दिवस गायब. पुढच्या महिन्यात कळायचं, गुजरातेत कुणाकडे तरी लागल्या. उरायची ती रुपा. तोरणमाळची, शहाद्याच्या वसतिगृहात राहून पदवीधर झालेली आणि आता सगळी भरणी जिच्या नजरेखालून जायची ती.

“गिऱ्हाईक टिकवतो तसाच कामगार टिकवायचा,” नवनीत पहिल्याच बैठकीत म्हणाला. राजेंद्रभाऊंना ते फार आवडलं. त्यांना वाटलं, चार पोस्टरांत काम होईल.

दुसऱ्या पोस्टरवर त्याने कुणाचाच चेहरा घेतला नाही. त्यावर फक्त घड होता, आणि ‘दिवाळीला पगारी सुट्टी’. ते केळी धुण्याच्या हौदाजवळच्या भिंतीवर लागलं आणि मुली तोंडावर ओढणी घेऊन हसायला लागल्या.

“काय व्हयनं?” त्याने रुपाला गाठलं.

“आमनी दिवाळी त्या दिवशी ऱ्हास कुठे?”

त्याने पोस्टरकडे पाहिलं. मग तिने सांगितलं. वरच्या गावांची दिवाळी कॅलेंडरवर नसते. पीक घरात आलं की गाव बसतं आणि आपला दिवस ठरवतं. या गावची आज, पलीकडच्या गावची पंधरवड्याने, कुणाची पार पौषात. पॅकहाउस मात्र दरवर्षी सपाटीच्या दिवाळीला कुलूप लावायचं. मुली घरी जाऊन नुसत्या बसून यायच्या. मग खरी दिवाळी आली की सुट्टी मिळायची नाही. त्या न सांगता पळायच्या, आणि न सांगता पळालेल्या मुलीला परत यायला तोंड नसायचं. गुजरातचा मुकादम तेवढ्यात दारात उभा असायचा.

“इतला वरीस कोणी सांगं नही?”

“कोणी विचारं नही,” रुपा म्हणाली. आणि दोघांनाही बसस्थानक आठवून एकदमच हसू आलं.

त्या हसण्याने घात केला. नवनीतने राजेंद्रभाऊंशी दोन दिवस वाद घातला. भाऊ म्हणत होते, गावागणिक सुट्टी दिली तर खोकी काय मी भरू? आणि हा म्हणत होता, गावागणिक दिली तर हौद कधीच रिकामा पडणार नाही. शेवटी भाऊ हरले. रुपाला कळलं तेव्हा तिने त्याच्या चहात साखर जास्त टाकली. वजनकाट्यावरच्या बेबीबाईंनी ते पाहिलं आणि काटा बघण्याऐवजी ह्या दोघांकडे बघायला सुरुवात केली.

मग त्याने फिल्म काढायला घेतली. कॅमेऱ्यासमोर रुपाच्या ओठांना कुलूप.

“रुपा मॅडम, थोडं हसा ना.”

“कसाले?”

“देखनाराले वाटाले जोयजे, आठे बरं शे.”

“आठे बरं शे का नही, ते माले ठरू दे आधी.”

“मंग मी वाट देखस,” तो म्हणाला, आणि कॅमेरा खाली केला तरी तो बघतच राहिला… रुपाने हौदातली एक धुतलेली फणी पुन्हा धुतली.

“काय व रुपा,” दुपारी बेबीबाई म्हणाल्या, “काल नवनीतभाऊ व्हता. आज निस्ता नवनीत?”

रुपा खोकी मोजायला लागली. तिचे कान तेवढे तापले.

पौषात गुजरातेतल्या बारडोलीहून फोन आला. मोठं पॅकहाउस, मोठी खुर्ची. सगळ्या मालाची पारख रुपाने करायची, राहायला खोली. असं काम तिच्या घरात कुणी केलं नव्हतं. उत्तर उद्या संध्याकाळपर्यंत हवं होतं. रात्रभर तिला एकच गोष्ट खुपत होती. हो म्हणायला जीभ वळत नव्हती, आणि त्याचं कारण केळी नव्हती.

सकाळी तिने राजेंद्रभाऊंना सरळ सांगितलं. भाऊंचा चेहरा उतरला, मग एकदम खुलला.

“तू जाणार नाहीस. नवनीतवर माझा भरवसा आहे. त्याला मी आल्या आल्या सांगितलंय, बाकी काही कर नको कर, पण त्या पोरीभोवती राहा. ती टिकली की सगळ्या टिकल्या.”

भाऊ चांगल्या मनाने बोलले. रुपाच्या पायाखालची फरशी मात्र सरकली. म्हणजे ते चहा… ते वाट बघणं… विचारणं, ऐकून घेणं? गिऱ्हाईक टिकवतात तसं?

दिवसभर ती त्याच्याकडे फिरकली नाही. तो दोनदा आला, दोनदा ती शीतगृहात शिरली. तिसऱ्यांदा तो शीतगृहाच्या दारासमोर हौदाशीच उभा राहिला, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि बारडोलीला उत्तर द्यायची वेळ जवळ आली होती. मुली हात धुऊन निघत होत्या. बेबीबाई निघता निघता काटा पुसत राहिल्या, जो केव्हाच पुसून झाला होता.

“भाऊनी तुले सांगं व्हतं,” रुपा म्हणाली. “मन्हाभोवती ऱ्हावाले. खरं का खोटं?”

त्याने खाली पाहिलं नाही.

“खरं.”

तिला वाटलं होतं, तो नाही म्हणेल. नाही म्हटला असता तर बरं झालं असतं, तिला रागावता आलं असतं.

“मंग ते वाट देखनं, ते विचारनं… बठं काम व्हतं?”

“पहिला आठवडा काम व्हतं.” तो थांबला. “मंग काम ऱ्हायनं नही. पण तुले कसं सांगू? मी ‘जाऊ नको’ म्हनस, ती जाहिरात. मी ‘तू माले आवडस’ म्हनस, ती बी जाहिरात. मन्हा तोंडमां आते एक शब्द बी खरा वाटत नही, रुपा. मन्हं कामच तसं शे.”

हौदातलं पाणी नळाखाली थरथरत होतं. रुपाने नळ बंद केला.

“आते काय म्हननं शे तुन्हं?”

“जाय,” तो म्हणाला. आवाज फाटला त्याचा. “ती खुर्ची तुन्ही शे. भाऊ माले काढी टाकतीन तरी चाली. जाय तू.”

रुपा त्याच्याकडे बघत राहिली. मुलींचा प्रश्न उरला नव्हता. आपापल्या गावच्या दिवाळीहून त्या परत आल्या होत्या, तिच्याशिवायही इथे येणार होत्या. उरली होती ती एकटी, आणि हा वेडा, जो आपलंच काम आपल्या हाताने मोडून उभा होता.

तिने मोबाइल काढला. त्याच्यासमोरच नंबर लावला.

“हां साहेब, रुपा बोल रही हूँ, शहादा से. मेरी तरफ से हाँ है. सोमवार को आती हूँ.”

नवनीतने डोळे मिटले. हौदाचा काठ त्याने इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. बेबीबाईंच्या हातातलं फडकं थांबलं.

रुपाने फोन ठेवला आणि त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

“व्हयनं,” ती म्हणाली. “आते मी तुमना कंपनीनी नही. माले थांबाडानं तुन्हं काम खपनं.”

त्याला कळेना.

“आते जे बोलशी, ते जाहिरात नही,” ती हळूच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिने ते लपवले नाहीत. “बोल आते.”

तो बोलला. चार शब्द, तेही अडखळत, तेही एकदा चुकून. पुण्याला शिकलेलं सगळं वाया गेलं म्हणायचं. रुपाने पूर्ण ऐकून घेतलं, आणि मग त्याची ती पांढरी पडलेली बोटं काठावरून एक एक करून सोडवली आणि आपल्या हातात घेतली.

“माले बी,” ती म्हणाली.