आडवं मूल

विचारलंत म्हणून सांगते. मी घरोघरी जाऊन बाळंतपणं करणारी नर्स. त्या दिवशी सुताराच्या बायकोचा रक्तदाब तपासायचा आणि घरी जाऊन जेवायचं, एवढाच बेत होता. सुतार तसा गोडबोल्या. मला पाहिलं की खुर्ची पुसून द्यायचा.

मागच्या खोलीत गेले, तर त्याची बायको, पोरगीच ती, भिंत धरून उभी. पाणमोट फुटलेली. तिची सासू फरशी पुसत होती.

मी तिचं पोट चाचपलं. मूल आडवं होतं. पाणी गेल्यावर असं मूल बाहेरून फिरवायचं नसतं. गर्भाची पिशवी फाटते, बाई जाते.

"गाडी बोलवा," मी सुताराला म्हटलं. "ऑपरेशन लागेल. आत्ताच्या आत्ता."

"माझी बायको माझ्या घरातच बाळंत होणार."

मी फोन काढला. त्यानं तो हिसकावून भिंतीवर आपटला आणि उलट्या हातानं मला अशी ठेवून दिली की ओठ फाटला. मग कडी घालून, हातात हातोडा घेऊन तो दाराला पाठ लावून उभा राहिला.

सासू माझ्या कानाशी पुटपुटली, "याच्या पहिल्या बायकोलाही असंच... याच खोलीत... ओरडत होती हो. शेवटी यानं तिच्या तोंडात बोळा कोंबला... तशीच गेली ती..."

बाहेर धुळीचं वादळ उठलं. भर दुपारी खोलीत काळोख दाटला. लाकडाच्या भुशाचा वास हळूहळू विरला आणि शिळ्या रक्ताचा वास यायला लागला. तो वास माझ्या ओळखीचा. पण तो रिकाम्या कोपऱ्यातून येत होता.

पोरगी किंचाळली आणि एकदम गप्प झाली.

"बाई... तुमचे हात किती गार आहेत..."

मी तर ओठाचं रक्त पुसत होते.

तिच्या पोटावर खड्डे पडत होते. बोटांचे. एक हात बाळाचं डोकं खाली रेटत होता, दुसरा त्याचे पाय वर सरकवत होता. माझ्या डोळ्यांदेखत मूल फिरलं.

"काय चाललंय हे?" सुतार हातोडा उगारून धावला आणि मधेच वाकला. त्याचा शर्ट पोटावर आत दबला. पुन्हा दबला. हातोडा गळून पडला. कुणीतरी त्याला उचलून दारावर आपटलं, आणि फासळ्या कडाकड मोडल्या. तो ओरडायला तोंड उघडायचा, पण आवाज घशातच कोंबल्यासारखा अडकायचा. नाकातून रक्ताची धार लागली.

"सोड गं त्याला..." सासू म्हणाली. हळूच. घरातल्या माणसाला सांगावं तसं.

दर कळेला इकडे पोरगी जोर करत होती आणि तिकडे तो मोडत होता. शेवटच्या कळेला बाळ माझ्या हातात आलं, रडलं. दारापाशी सगळं शांत झालं.

नाळ बांधायला गेले, तर ती आधीच बांधलेली. एका लांब, ओल्या, काळ्याभोर केसानं. सासूचे केस पांढरे, पोरीचे जेमतेम खांद्यापर्यंत.

वादळ ओसरल्यावर शेजाऱ्यांच्या गाडीनं दोघांना दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी तो केस कापून फेकला आणि नाळेला चिमटा लावला. सकाळी मी भेटायला गेले. पोरगी बाळाला पाजत होती. मला पाहून तिनं बाळाचं दुपटं बाजूला केलं.

चिमटा उशाशी नीट काढून ठेवलेला होता. नाळेवर पुन्हा केस होता... या वेळी कोरडा, तेल लावून विंचरलेला.