बाईची ओळ

चहाच्या मळ्याखाली कुणीतरी डोंगरगाणं गात होतं... आवाज पुरुषाचा आणि ओळ बाईची!

"सख्या रे, वाट पाहून वेणी सुटली—"

वर पानं खुडणाऱ्या यिनमेइला असं हसू फुटलं की टोपलीच कलंडली. तिच्यानं राहवेना. तिनं वरूनच पुरुषाची ओळ फेकली, "थांब गं साजणी, वेणी मी बांधतो!"

गिटार थांबली. झुडपांतून घामेजलेला चेहरा वर आला. हा हाओरन. हाक्का लोकांच्या या आजोळच्या गावावर गाण्यांचा अल्बम करायला तैपेईहून आलेला.

"चुकलो का?"

"छे हो! शोभेल तुम्हाला वेणी."

कानापर्यंत लाल झाला बिचारा. "आजीच्या कॅसेटवरून शिकलो. कॅसेटवर फक्त तिचीच, बाईची ओळ आहे. उत्तर द्यायला कुणी नव्हतं..."

मग रोजच येऊ लागला. पानं वळायच्या यंत्राची खडखड त्यानं ढोलाच्या जागी घेतली. सोलर पॅनेलांखाली गेलेल्या उतारांवर एक गाणं केलं, पोरांना शहरात नेणाऱ्या बसवर एक. तुडतुड्यांनी चावलेल्या पानांचाच चहा गोड होतो, हे यिनमेइनं सांगितलं, त्याचंही गाणं झालं.

"आणि तुम्हाला कोण चावलं?" तिनं विचारलं.

"तूच की!"

यिनमेइ हसली खरी, पण मान फिरवून पुन्हा पानं खुडू लागली.

"शेवटचं गाणं तुझ्याशिवाय अर्धं आहे," तो म्हणाला. "देवळापुढच्या कार्यक्रमात गाशील?"

"चारचौघांत डोंगरगाण्याला उत्तर दिलं की इथं लग्न ठरलं म्हणतात. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. म्हणून तर..."

"आणि मग तुम्ही तैपेईला! गेलेलं कुणी परत येतं का इथं? मी मळा सोडणार नाही, सांगून ठेवते."

त्यानं गिटार पाठीला अडकवली. जाताना एवढंच म्हणाला, "तुझी जागा रिकामी ठेवतो."

देवळापुढं सगळा गाव लोटला. शेवटचं गाणं आलं. हाओरन पुन्हा बाईचीच ओळ गायला, आणि थांबला. स्पीकरवर नुसती यंत्राची खडखड... तो तिच्याकडे बघत राहिला.

हातात चहाची किटली घेऊन यिनमेइ उभी. आज गप्प राहिले तर उद्या हा बसमध्ये बसेल... नाही, जाऊ द्यायचं नाही याला! किटली तिनं खाली आपटली आणि खणखणीत आवाज लावला—

"मळा माझा हलत नाही, साजणी, तूच ये नांदायला!"

गर्दीतून यिनमेइची फुंगमोई आत्या किंचाळली, "अगं बाई, उत्तर दिलंस की!"

"उत्तर नाही आत्या, मागणी घातली!"

हशा आणि टाळ्यांनी देऊळ दणाणलं. हाओरननं गिटार बाजूला ठेवली. डोळे पुसत, हसत, सगळ्या गावासमोर तो गायला—

"येते रे सख्या, कायमची येते... वेणी तेवढी तूच बांध!"

ओळ बाईचीच होती, पण या वेळी चुकून नव्हती.