बाजू बदलताना

दाताच्या डॉक्टरचं पार्सल दुपारी दोनला आलं आणि मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात. बारा वर्षं ज्या सेकंदांसाठी जीव टाकला, ते या कॅसेटमध्ये होते.

बारा वर्षांपूर्वी गिरणीच्या आगीत होरपळलेल्यांसाठी नऊ बडे रॉकवाले एका स्टेजवर आले होते. पुण्य त्यांचं, तिकिटाचे पैसे आमचे. वर रेकॉर्डिंगला सक्त बंदी. मी धडधाकट हाताला प्लास्टर चढवलं, आत छोटा टेपरेकॉर्डर दडवला आणि दादासोबत पूर्वेच्या स्टँडमध्ये जाऊन बसलो. चोरी? हो, चोरीच.

शेवटच्या गाण्याला नऊजण एका माइकपाशी आले आणि नेमकी तेव्हाच माझ्या कॅसेटची बाजू संपली. आम्हा चोरांचा रिवाज असा, की एकाने कॅसेट उलटायची, दुसऱ्याने शेजारी बसून आकडे मोजायचे. म्हणजे किती सेकंद बुडाले ते कळतं. उलटणारा ‘झालं’ म्हणाला की मोजणारा थांबतो. दादा मोजत होता. अकरापर्यंत मी ऐकलं. मग मशीन सुरू झालं आणि मी उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडत सुटलो, स्वतःच्याच रेकॉर्डिंगची वाट लावत. गाणं संपलं, शेजारी पाहिलं, तर खुर्ची रिकामी.

दादा परत आलाच नाही. पोलीस म्हणाले, पळाला असेल कुणाबरोबर. शेजारी त्याहून घाण बोलले. बारा वर्षं वहिनी अधांतरी लटकल्या होत्या. आज तो मेला असं धरण्याच्या अर्जावर सही करून चारच्या आत कचेरीत द्यायचा होता. मला सोबत न्यायला त्या दुकानात आल्या, तेव्हा म्हटलं, आधी हे ऐका. उठताना तो काही बोलला असेल, कुणी हाक मारली असेल.

“भाऊजी, उशीर होतोय.”

“अहो वहिनी, नऊजण एका माइकवर! बसा तर.”

“नवरा हरवला माझा, आणि तुम्हाला अजून गाण्याचंच पडलंय.”

पार्सल पाठवणारा डॉक्टरही आमच्यातलाच चोर, त्या दिवशी पश्चिमेच्या स्टँडमध्ये होता. मध्ये अख्खं मैदान. त्याच्याकडे दोन मशीन, त्यामुळे कुठेही खंड नाही. मी माझी प्रत सोबत लावली. ड्रमवर ड्रम बरोबर बसत गेला. माझी टेप संपली, त्याची पुढे गेली. नऊ गळे एकदम फुटले! अंगावर काटा आला. मी स्टूल पाडून नाचलो.

“एक.”

अगदी माइकला तोंड लावून.

“दोन. तीन.”

वहिनींनी माझं मनगट धरलं. “हे तर...”

“ऐका.”

दहा. अकरा. बारा. आवाज थांबेना. गाणं संपलं. टाळ्या संपल्या. गर्दी पांगू लागली. रिकाम्या रांगांत झाडू फिरू लागले, तरी दादा मोजतच होता. सातशे नव्वदला कॅसेट संपली.

“सापडला, वहिनी! सापडला!” मी टेप मागे घेतली. तोच ड्रम, तेच नऊ गळे.

“सातशे एक्क्याण्णव.”

मी बंद केलं. पुन्हा मागे घेतलं.

“सातशे ब्याण्णव.”

वहिनी मशीनपाशी सरकल्या.

“भाऊजी, त्या दिवशी तुम्ही ‘झालं’ म्हणाला होतात ना?”

“मी गाण्यात होतो, वहिनी.”

“म्हणा मग आता.”

“आणि म्हटल्यावर?”

“बारा वर्षं मोजतोय तो माणूस. म्हणा!”

मी स्पीकरला तोंड लावलं.

“दादा, झालं.”

आकडा अर्ध्यात तुटला.

पुन्हा लावलं. फक्त गाणं. स्वच्छ, अखंड. असं रेकॉर्डिंग जगात कुणाकडे नसेल. मी हसत होतो की रडत होतो, कुणास ठाऊक. वहिनींनी काउंटरवरच अर्जावर सही ठोकली.

मी शटर वर केलं. त्या पायरी उतरल्या. त्यांचे ओठ हलत होते.

“काय म्हणालात, वहिनी?”

त्यांनी वळून न बघता हात वर केला आणि मला गप्प केलं, आकडा चुकू नये म्हणून माणूस करतो तसं.